वाऱ्याचे गाळणे



आषाढात वर्षायोगाची स्थापना झाली की विहार थांबतो आणि विहाराबरोबर चालणारी गाडीही थांबते. मुनिराज व आर्यिका माताजी पायीच चालतात. परंतु त्यांच्या आहारासाठी वाटेत चौका लावणाऱ्या श्रावक-श्राविकांना धान्याचे डबे, भांडी, शेगडी, अंथरुणे आणि पाणी घेऊन पुढच्या मुक्कामी आधी पोहोचावे लागते. त्यासाठी कोणी टेम्पोला बंद बॉडी बांधून घेतो, तर कोणी जुन्या मिनीबसमधील आसने काढून आत ओटा आणि झोपण्याचे बाक बसवितो. कारंजा आणि शिरपूर ही दोन मोठी क्षेत्रे आपल्या वाशीम जिल्ह्यात असल्यामुळे अशा गाड्या आपल्याला नवीन नाहीत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जात असल्यामुळे दूरच्या यात्रेकरूंच्या गाड्यांनाही कारंज्याची वाट सोपी झाली.

या सदरात आपण बहुधा चार भिंतींच्या घराचा विचार करतो. आज चाकांवरच्या घराचा करू. त्यातही त्याच्या अगदी लहानशा भागाचा, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या छिद्रांचा. टपावरचा झरोका, ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा, सिलिंडरच्या कप्प्यातील तळाची भोके, पाण्याच्या टाकीची श्वासनळी, सांडपाण्याची नळी, गॅस गीझर असल्यास त्याचा धूर बाहेर सोडणारा पाइप, अशी आठ-दहा छिद्रे एका गाडीत सहज निघतात. गाडी बांधणारा कारागीर ती ठेवतो, कारण त्यांच्यावाचून गाडी चालत नाही. मात्र ज्या वाटेने वारा येतो त्याच वाटेने माशी, डास, पाखरू, कोळी आणि कुंभारीणही येते. त्यांना बाहेर ठेवणे हे वरकरणी किरकोळ काम आहे. प्रत्यक्षात त्यावर साधूंचा आहार, आतल्या माणसांचा जीव आणि त्या कीटकांचाही जीव, असे तिन्ही अवलंबून असते.

एका माशीचे मोल

प्रथम आहाराचा विचार करू. दिगंबर मुनींचा आहार दिवसातून एकदाच, उभ्याने आणि करपात्रात होतो. घासात केस किंवा मेलेला जीव आढळला तर अंतराय होतो. मुनिराज तेथेच थांबतात आणि त्या दिवशी पुन्हा आहार घेत नाहीत, पाणीही घेत नाहीत. वैशाखाच्या उन्हात वीस-पंचवीस किलोमीटरचा विहार करून आलेल्या साधूंच्या बाबतीत असे घडले, तर चौका लावणाऱ्या घराला त्या दिवशी घास गोड लागत नाही. श्राविका धान्य निवडतात, पीठ चाळतात, पाणी दुहेरी वस्त्राने गाळतात, प्रत्येक पदार्थाचे शोधन करतात. इतके सारे केल्यानंतर ओट्याच्या डोक्यावरच्या उघड्या पंख्यातून एक माशी आत आली, तर सकाळचे सर्व श्रम वाया जातात.

पाणी गाळताना आपण दोन गोष्टी पाहतो. पाण्यातील जीव पोटात जाऊ नयेत ही एक, आणि गाळण्यावर राहिलेले जीव मरू नयेत ही दुसरी. म्हणूनच ते ज्या विहिरीचे असतील त्याच विहिरीत अलगद परत सोडण्याची रीत आहे. हवेच्या छिद्रावरची जाळी हे वाऱ्याचे गाळणे आहे, आणि तिच्याकडूनही हीच दोन कामे अपेक्षित आहेत. आत शिरलेल्या कीटकावर फवारा मारणे सोपे असते, पण बंद गाडीत मारलेला फवारा अन्नावर, भांड्यांवर आणि झोपलेल्या मुलांच्या श्वासात उतरतो, शिवाय हिंसा होते ती वेगळीच. जाळी कोणालाच मारीत नाही. ती फक्त सीमा आखून देते.

उभी गाडी आणि कुंभारीण

आता चातुर्मासाकडे येऊ. चार महिने गाडी धर्मशाळेच्या मागे किंवा गोदामाच्या पडवीत उभी राहते. नेमके हेच दिवस कीटकांच्या वाढीचे असतात. पहिल्या मोठ्या सरीनंतर वाळवीचे पंखधारी थवे उठतात, दिव्याभोवती तुडतुड्यांची गर्दी होते, आणि ओल्या मातीचे गोळे तोंडात धरून कुंभारीण माशी घरटे बांधण्यासाठी पोकळी शोधू लागते. दाराच्या कडीचे भोक, पंख्याची जाळी, बंद पडलेला पाइप, सारे तिला चालते. उभ्या गाडीतील नळी तर तिच्या दृष्टीने तयार घरच असते.

कुंभारणीचा संसार पाहण्यासारखा आहे. मादी एकटीच घरटे बांधते. तिच्या काही जाती कोळी पकडतात, काही अळ्या पकडतात. डंखाने त्यांना मारीत नाहीत, निश्चेष्ट करतात आणि मातीच्या कोठडीत भरून ठेवतात. त्यावर अंडे घालून कोठडीचे तोंड मातीने बंद करतात. अंड्यातून निघालेल्या अळीला तोच शिधा पुरतो. ही माशी मधमाश्यांप्रमाणे घरट्याच्या रक्षणासाठी माणसावर सहसा धावून जात नाही, त्यामुळे घरटे बांधले गेले हे आपल्या लक्षातही येत नाही. नळी मात्र पक्की बुजते.

या बुजलेल्या नळीची किंमत काय असू शकते, याची उदाहरणे विमानवाहतुकीच्या इतिहासात नोंदलेली आहेत. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेरच्या अंगाला एक बारीक, पुढून उघडी नळी असते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी कॅरिबियन समुद्राकाठच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून उडालेले बोइंग ७५७ विमान काही मिनिटांतच समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांना वेगाचे आकडे चुकीचे मिळत होते. ते विमान त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभे होते आणि त्या काळात नळ्यांवर झाकणे नव्हती. नळ्या समुद्रातून हाती लागल्या नाहीत; पण मातीचे घरटे बांधणाऱ्या माशीने नळी बुजविली असावी, हीच शक्यता चौकशीत सर्वांत अधिक मानली गेली. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका मोठ्या प्रवासी विमानाला उड्डाणानंतर परतावे लागले, तेव्हा तपासणीत नळीत कुंभारणीच्या जातीच्या माशीची माती सापडली. ते विमान विमानतळावर जेमतेम दोन तास उभे होते.

दोन तासांत जे घडते, ते चार महिन्यांत घडणार नाही असे कसे म्हणावे? आपली गाडी आकाशात उडत नाही हे खरे. पण तिच्यात गॅस आहे, चूल आहे आणि रात्री झोपलेली माणसे आहेत.

मोटारींच्या जगातही एक बोलके उदाहरण आहे. २०११ मध्ये माझदा या जपानी कंपनीने सुमारे ६५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कारण होते एक पिवळसर कोळी. इंधन-टाकीच्या हवा-नळीत तो जाळे विणत असे. नळी बंद झाली की टाकीतील दाब बिघडे आणि टाकीला तडा जाण्याचा धोका निर्माण होई. कोट्यवधींचे यंत्र आणि धाग्याएवढे जाळे! हवा-नळीचे तोंड लहान असते, म्हणून तिचे काम लहान असते असे समजू नये.

चार प्रकारची छिद्रे

येथपर्यंत वाचून एखादा उत्साही गृहस्थ उद्याच बाजारातून जाळीचा गुंडाळा आणून गाडीचे प्रत्येक भोक बंद करील, तर तो धोक्याचा ठरेल. वाण्याच्या दुकानात रवा चाळायची चाळणी आणि गहू चाळायची चाळणी एक नसते. छिद्रांचेही तसेच आहे. त्यांच्या कामाप्रमाणे चार प्रकार करावेत.

पहिला प्रकार माणसांच्या श्वासासाठी असलेल्या छिद्रांचा, म्हणजे खिडक्या, टपावरचा झरोका, ओट्यावरचा पंखा. येथे डास-माशी अडविणारी बारीक जाळी हवी. ती आतल्या बाजूने लहान चौकटीत बसवावी आणि चौकट चार फिरत्या कळांनी धरावी, म्हणजे आठवड्यातून एकदा काढून धुता येते. ओट्यावरच्या पंख्याच्या जाळीवर तेलाची वाफ आणि धूळ बसून पंधरा दिवसांत लेप तयार होतो. अशी जाळी कीटक अडविते खरी, पण हवाही अडविते. पंख्याच्या बाहेरच्या अंगाला आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असतील तर उत्तम. पंखा बंद होताच वाट बंद होते.

दुसरा प्रकार गॅस सिलिंडरच्या कप्प्यातील छिद्रांचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा सुमारे दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणूनच कप्प्याच्या तळाला भोके ठेवलेली असतात, जेणेकरून गळलेला गॅस खाली, गाडीबाहेर पडावा. झुरळे येतात, उंदीर येतात, धूळ येते, म्हणून ही भोके बोळा घालून किंवा चिकटपट्टी लावून बंद केलेली अनेक गाड्यांत दिसतात. याइतके धोक्याचे दुसरे काही नाही. सिलिंडर १४.२ किलोचा असो की लहान, त्याच्या तळाची वाट उघडीच राहिली पाहिजे. येथे तीन-चार मिलिमीटर छिद्रांची, जाड तारेची मोकळी जाळी लावावी. तिच्यातून मोठे झुरळ व उंदीर येत नाहीत आणि गॅस अडत नाही. बारीक डास आला तर येऊ द्यावा. तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून वेगळा आणि बंद असला, म्हणजे झाले.

तिसरा प्रकार जळलेला धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे गॅस गीझर, जनरेटर, गाडीचा सायलेन्सर. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो आणि माणसाला झोप येते आहे असे वाटत असतानाच शुद्ध हरपते. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, त्यामागे हाच वायू असतो. या नळ्यांवर उपकरण चालू असताना बारीक जाळी नको. ती काजळीने बुजते. अमेरिकेत घरासारख्या प्रवासी गाड्यांच्या हीटरसाठी खास पोलादी जाळ्या मिळतात, पण आपल्याकडील उपकरणाला निर्मात्याची संमती असल्याशिवाय तशी जाळी लावू नये. येथे योग्य उपाय टोपणाचा. गाडी उभी असताना टोपण घालावे आणि चालू करण्यापूर्वी काढावे. टोपणाला लांब तांबडी फीत बांधावी आणि फितीचे दुसरे टोक गीझरच्या बटणाला किंवा गाडीच्या स्टिअरिंगला अडकवावे. विमानतळावर उभ्या विमानांच्या नळ्यांवर तांबड्या फितीची झाकणे असतात ती याचसाठी. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. फीत आठवण ठेवते.

चौथा प्रकार पाण्याचा. धुण्या-सांडण्याच्या पाण्याच्या टाकीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी बारीक नळी असते. ती उघडी राहिली तर डासाची मादी आत जाऊन अंडी घालते. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. शासनाचे आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतात, त्याचे कारण हेच. वर्षायोगात उभ्या गाडीच्या टाकीत पाणी ठेवूच नये. टाकी रिकामी करून, तोटी उघडी ठेवून कोरडी होऊ द्यावी. श्वासनळीच्या तोंडावर बारीक जाळीचा तुकडा दुहेरी घडी करून, नळीच्या क्लिपने आवळून बसवावा. सांडपाण्याच्या नळीलाही तसेच करावे, मात्र ते गाडी उभी असतानाच. चालू गाडीत तेथे अन्नकण अडकून नळी तुंबते.

जाळीचे माप

हार्डवेअरच्या दुकानात जाळी घेताना ‘किती मेश?’ असे विचारतात. मेश म्हणजे एका इंचात किती घरे. सोळा मेशच्या जाळीत एका इंचात सोळा घरे असतात आणि तार पाव मिलिमीटरच्या आसपास असली तर प्रत्येक घराची मोकळी रुंदी सुमारे सव्वा ते एक पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर भरते. घरमाशी, डास, कुंभारीण यांच्यासाठी ती पुरेशी आहे. अश्विनात दिव्यावर येणारे अगदी बारीक तुडतुडे तिच्यातून निसटू शकतात. त्यांना अडवायचे तर तीस मेशची जाळी लागते.

परंतु व्यापाऱ्याने येथे हिशेब करावा. सोळा मेशच्या जाळीत छिद्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग मोकळा राहतो. त्याच जाडीच्या तारेची तीस मेशची जाळी घेतली तर निम्म्याहूनही कमी भाग मोकळा उरतो. म्हणजे कीटक अधिक अडतात आणि वारा कमी मिळतो. मे महिन्यात आपल्या भागात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बंद बॉडीच्या गाडीत हा फरक सोसवत नाही. यावर तोडगा असा की बारीक जाळी छिद्राच्या मापाची न घेता मोठी घ्यावी आणि तिला पेटीचा किंवा घुमटाचा आकार देऊन छिद्रावर बसवावी. छिद्र एक चौरस फूट असेल आणि जाळीचे एकूण क्षेत्र दोन-तीन चौरस फूट असेल, तर बारीक जाळीतूनही पुरेसा वारा मिळतो. पावसाचे पाणीही थेट आत येत नाही.

जाळी कशाची घ्यावी, हाही प्रश्न आहे. नायलॉनची जाळी स्वस्त आणि कापायला सोपी, खिडकीसाठी ठीक. पण शेगडीच्या वर आणि टपाच्या उन्हात ती लवकर कडक होऊन फाटते, आणि उंदराला ती कुरतडायला वेळ लागत नाही. साधी लोखंडी जाळी एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाचे कण ओट्यावर पडतात. ओट्याजवळ, गॅसच्या कप्प्यात व टपावर स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. कडा उघड्या तारेच्या ठेवू नयेत. हात कापतो आणि पाखरेही अडकतात. जाळी दोन पट्ट्यांमध्ये दाबून स्क्रूने बसवावी आणि पट्टी व पत्रा यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी द्यावी. कीटक जाळीतून कमी आणि जाळीच्या कडेच्या फटीतून अधिक येतात.

दिव्याचाही विचार करावा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक खेचले जातात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. मुक्कामी गाडीबाहेरचा दिवा झरोक्यापासून दूर ठेवला आणि आत पिवळा दिवा लावला, तर जाळीवरचे ओझे निम्मे होते. सूर्यास्तानंतर स्वयंपाक-जेवण नसल्यामुळे आपल्या गाडीत रात्री फार प्रकाशाची गरजही नसते.

जाळीची परीक्षा

जाळीने खरोखर फरक पडतो का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तरीही दूषित हवेनेच हिवताप होतो ही जुनी समजूत युरोपात टिकून होती. १९०० सालच्या उन्हाळ्यात डॉ. सॅम्बन व डॉ. लो हे दोघे आपल्या सोबत्यांसह इटलीतील रोमजवळच्या दलदलीत राहायला गेले. तेथील गावकरी तापाने फणफणत असत. या मंडळींनी इंग्लंडमध्ये बनवून नेलेली लाकडी झोपडी उभारली होती आणि तिच्या दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी लावली होती. दिवसभर ते त्याच दलदलीत हिंडत, तीच हवा घेत. फक्त सूर्य मावळण्याआधी जाळीच्या आत येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. औषध कोणीही घेतले नाही आणि ताप कोणालाही आला नाही. हवा दोषी नव्हती, तिच्याबरोबर येणारा डास दोषी होता, हे एका जाळीने सिद्ध केले. जुळवून उभी केलेली ती झोपडी आपल्या गाडीची दूरची बहीणच म्हणावी.

आपल्या घरांनाही यातून एक धडा घेता येतो. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हत्तीपाय रोगाचा त्रास आहे आणि तो पसरविणारा डास घाण पाण्यात वाढतो. शौचालयाच्या टाकीवर उभा असलेला वायुपाइप ही त्याची आवडती वाट. घराला दारा-खिडक्यांच्या जाळ्या लावणारेही छतावरच्या त्या पाइपाकडे पाहत नाहीत. त्याच्या तोंडाला जाळी बांधली तर टाकीत जन्मणारे हजारो डास बाहेर येत नाहीत आणि बाहेरचे आत जात नाहीत. पाण्याच्या टाकीच्या उपळणीच्या नळीलाही हाच न्याय. गाडीची जाळी करायला कारागीर आला, की घराचे हे दोन तुकडे त्याच फेरीत करून घ्यावेत.

कधी करावे

शेवटी वेळेचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्रावणात बुजलेली नळी साफ करायला घेतली तर आत काय निघते? मातीच्या कोठड्या, त्यांतील अळी, आणि तिच्यासाठी ठेवलेले अर्धमेले कोळी. तार घालून ते ओढून काढणे म्हणजे त्या सर्वांचा अंत करणे. न काढावे तर नळी बंद आणि माणसाला धोका. दोन्हींपैकी काहीही केले तरी मन खंतावते. हीच जाळी ज्येष्ठात लावली असती तर कुंभारणीने दुसरीकडे, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात घर केले असते. तिचाही संसार झाला असता आणि आपलीही गाडी मोकळी राहिली असती. यत्नाचार म्हणजे हेच. जीव समोर आल्यावर सावध होणे चांगले. पण समोर येण्याचा प्रसंगच टळेल अशी आधी सोय करणे त्याहून चांगले.

म्हणून वर्षायोगाच्या आठ दिवस आधी गाडीची फेरी करावी. टाकी रिकामी करावी. प्रत्येक छिद्र हाताने चाचपावे. रिकाम्या नळ्यांत पाहून, आत कोणी वस्तीला नाही याची खात्री करून मगच टोपणे घालावीत, नाही तर आत राहिलेला जीव कोंडून मरेल. गॅसचा सिलिंडर काढून हवेशीर जागी ठेवावा. कोणत्या छिद्रावर टोपण घातले आणि कोणत्यावर जाळी, हे एका कागदावर लिहून तो कागद चालकाच्या आसनासमोर चिकटवावा. ज्याने टोपणे घातली तोच कार्तिकात ती काढायला हजर असेल, असे नसते.

कार्तिकात विहार सुरू होण्यापूर्वी तोच कागद हातात घेऊन दुसरी फेरी करावी. टोपणे मोजून काढावीत. जाळ्या मऊ कुंच्याने झाडाव्यात. त्यांवर बसलेल्या कोळ्याला आधी कागदावर घेऊन कुंपणावर सोडावे. सिलिंडर जोडल्यावर साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत आणि कप्प्याच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, हे बोटाने पाहावे. गीझर किंवा शेगडी पहिल्यांदा पेटविताना गाडीची दारे उघडी ठेवावीत आणि ज्योत पाहावी. ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी पडून फडफडत असेल तर हवेची वाट कोठेतरी अडली आहे असे समजून ती बंद करावी व कारागिराला बोलवावे. एखाद्या नळीत कुंभारणीचे घरटे आढळलेच, आणि ती नळी टाकीची किंवा सांडपाण्याची असेल, तर नळीचा तो तुकडाच सोडवून सावलीत ठेवावा आणि नवीन तुकडा जोडून घ्यावा. नळीला फार खर्च येत नाही, आणि काही आठवड्यांत आतले जीव आपल्या वाटेने निघून जातात. गॅसच्या नळीला मात्र स्वतः हात लावू नये. ते काम जाणकाराचेच.

या सर्व कामाला दोन माणसांची एक दुपार पुरते. आपल्या गावच्या संघगाडीची जबाबदारी ज्यांच्याकडे असेल, त्यांनी हा लेख कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि यंदाच्या ज्येष्ठात मंडळाच्या सभेत त्या दुपारचा दिवस ठरवून टाकावा.